आईच्या तळहाताएवढा सोडा

प्रिय डिंपनाताई,

धाकट्या फिंटनचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला आटोक्यात असतील, असं धरून चालतो.

आज सकाळी भाजलेला माझा तिसरा सोड्याचा पाव खाण्यासारखा नाही. हे शेजारच्या पेगीनकाकूंनी सांगितलं आणि कुत्र्याने लगेच दुजोरा दिला. (तो अजून मागच्या दारी पडून आहे. पाव. कुत्रा ठीक आहे.)

गुरुवारी वाडीच्या मिस्सा-प्रार्थनेची पाळी आपल्या घरी आहे, आई गेल्यानंतरची पहिलीच. बावीस शेजारी, फादर टायर्नी आणि नंतर न्याहारी. आईच्या टेबलावर विकतचा पाव ठेवला, तर मला त्या स्वयंपाकघरात मान वर करता येणार नाही. म्हणून तिची कृती शोधली. बिस्किटांच्या डब्यात, एका पाकिटाच्या पाठीवर सापडली: पीठ चार मुठी, सोडा तळहाताच्या खळग्याइतका, ताक लागेल तसं. तळहात कुणाचा, ते लिहिलेलं नाही. मी माझा वापरला. (माझ्या मापाचे हातमोजे आपल्या गावात मिळत नाहीत, हे तुला ठाऊक आहे.) पहिला पाव हिरवट पिवळा झाला आणि साबणासारखा लागला. दुसऱ्यात सोडा निम्मा घातला, पण पीठ मळलं, सिमेंट कालवायला लागतो तेवढा वेळ. (ते नुसतं गोळा करायचं असतं, हे काकूंनी नंतर सांगितलं.) तिसऱ्यावर क्रूसाची चीर द्यायची राहिली, ती भाजून झाल्यावर करवतीने दिली. काकूंनी पाव पालथा करून बुडाला टकटक केलं, कान लावला आणि म्हणाल्या, "आत कुणीतरी आहे रे, पण दार उघडायला तयार नाही. फिंटन, फादरना चारच दात उरलेत, तेवढे तरी ठेव. डिंपनाचा हात अगदी आईचा आहे, तिला का विचारत नाहीस?"

मी म्हटलं, ती कामात असते.

"अकरा महिने?"

आईला पोचवून आलो त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की पाव भाजण्यात कसलं आलंय कसब, आणि तू कोट घालून निघून गेलीस. त्या विषयावरचं माझं मत बदललं आहे, एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
फिंटन

ता. क. सोबत कोरा कागद आहे. त्यावर उजवा तळहात ठेवून पेन्सिलने रेघ ओढ आणि पाठव.

ता. क. २. कागदावर खळग्याची खोली येत नाही, असं काकू म्हणतात. तेव्हा हातच घेऊन ये. बरोबर बाकीची तू आलीस तरी चालेल.

ता. क. ३. पाव तू करणार, हे वाडीभर झालंय. (काकूंनी सांगितलं. काकूंना मी सांगितलं.) ताक आणून ठेवलंय. बुधवारी चारच्या बसला मी थांब्यावर उभा असेन.