दारातला ठिपका

बसवेशअण्णा,

तुला जाऊन आज वर्ष झालं. तुझ्या जीपमधला हॅम रेडिओ दर दोन मिनिटांनी तुझी जागा कळवायचा आणि सोलापुरात अप्पांच्या संगणकावर, नकाशात, तुझा ठिपका सरकायचा. तुझ्या फोनपेक्षा त्यांचा त्या ठिपक्यावर जास्त भरवसा.

त्या दिवशी मला मोडनिंबला सासरी सोडून तू उजनीकडे गेलास. संध्याकाळी आईला काळजी वाटायला लागली, तर अप्पा म्हणाले, "दानूच्या दारात हाय की त्यो. राहिला असंल जेवायला." इकडे मला वाटलं, तू सोलापूरला घरी पोचलास. सकाळी मच्छीमारांना धरणाच्या काठाखाली उलटलेली जीप दिसली. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत तुझ्यात जीव होता. तुझा रेडिओ मात्र तोवर माझंच दार सांगत होता.

अण्णा, दारात जीप थांबवून आपण बोलत बसलो होतो ना, तेव्हा माझ्या मोबाईलची बॅटरी उतरली होती. मी जीपच्या सॉकेटमधली तुझ्या जीपीएसची पिन काढून तिथे चार्जर लावला. उतरताना चार्जर घेतला, पिन परत लावली नाही. जीपीएस बंद असलं की रेडिओ शेवटचीच जागा सांगत राहतो, हे तूच मला शिकवलं होतंस.

अप्पांनी तो ठिपका अजून पुसलेला नाही. येईल त्याला दाखवतात, "शेवटपर्यंत बहिणीच्या दारात हुता पोरगा." माझ्याकडे बघतात. मी व्हय म्हणते.

दार लावताना मी आधी बाहेर बघते.

तुझी,
दानू