आईचा डावा कान

दादा,

फळीवर कानात घालायच्या थेंबांच्या अकरा बाटल्या होत्या. सगळ्या फेकल्या. कानामागचं किडलेलं हाड काढलं ती जखम भरली आहे आणि आज डॉक्टरांनी आतला बोळाही काढला. ऑपरेशनने उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल, अशी तुला धास्ती होती ना?

आम्ही दोघी मावशीला सांगायला निघालोय. जेवण झाकून ठेवलंय. खारट लागलं तर यापुढे आईच्या डाव्या बाजूला जाऊन पुटपुटू नकोस. ती म्हणते, "ओठ हलताना दिसायचे की मला! त्याला आपलं वाटायचं, सुटलो."

आधी घड्याळ त्या कानाला टेकवलं तरी तिला टिकटिक कळत नसे. आज उजवा कान दाबून, डोळे मिटून तिला बसवलं आणि घड्याळ लांब नेत गेले. बेचाळीस सेंटिमीटरपर्यंत ऐकू आलं.