वाजवी बंधन

प्रिय भाऊ,

नागपूरच्या हायकोर्टाचा निकाल लागला. तू त्याची वाट पाहतच गेलास, म्हणून आधी तुला सांगायला बसलो. आज पहाटे निकालाप्रमाणे आपल्या देवळात पहिला काकडा झाला. टाळ होते, आम्ही सगळे होतो. तुझा मृदंग खुंटीवरच होता.

आठवतं का रे, देवळाला लागून सरकारने बाळंतपणाचा दवाखाना बांधला, तेव्हा सगळ्यांत खूश तूच होतास! मग कलेक्टरसाहेबांचा हुकूम आला : देवळात वाद्य वाजवायचं नाही, कधीच नाही. तू तडक वर्ध्याच्या वकिलांकडे निघालास. मी म्हटलं, "भाऊ, सरकारशी काऊन भांडून राह्यला?"

"भांडत नाई बे. घटनेनं देलं थेच मांगून राह्यलो."

आणि वकिलांकडची तुझी ती गंमत! ते समजावत होते, "धर्म पाळायचा हक्क तुम्हाला आहे. पण लोकांच्या आरोग्यासाठी सरकारला त्यावर वाजवी बंधन घालता येतं."

तू मांडीवर थाप मारलीस. "घटनाच म्हणते नं, वाजवी! मंग वाजवू द्या नं मले!"

वकीलसाहेब चष्मा काढून हसले. इथे वाजवी म्हणजे योग्य, बेताचं, हे त्यांनी समजावलं. परतताना सेलू आलं. तिथे तू एकदम विचारलंस, "पन वाजवी किती, हे ठरवते कोन?"

एका गोष्टीचा राग मात्र अजून आहे. मृदंग नाही तर काकडा नाही, असं म्हणून तू भजनच बंद केलंस. देवाला असं मुकाट्यानं का उठवलंस रे? शेवटच्या तापात तुझी बोटं गोधडीवर ताल धरत होती. तेव्हा तरी एक अभंग म्हणू द्यायचा होतास!

न्यायमूर्तींनी दोन्ही बाजू तोलल्या. सरसकट बंदी रद्द केली. भजन हा तुमचा हक्क, म्हणाले. पण सूर्योदयाआधी फक्त हळू टाळ, मृदंग नको. ओल्या बाळंतिणीची झोप हेही गावाचंच हित. आपण जिंकलो की हरलो, मला कळेना.

काकडा संपला तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर एक म्हातारी उभी होती. हात जोडून म्हणाली, "बापू, मृदंग नाई वाजला, लय बरं झालं गा. माह्या पोरीचा आत्ताच डोळा लागला."

मीही तिला हात जोडले. निकाल बरोबरच आहे, भाऊ. तरी कान तुझीच थाप शोधत होते. बरोबर असलेली गोष्टही इतकी जिव्हारी लागावी?

उजाडल्यावर मृदंग वाजेल. कोणीतरी शिकेलही. पण आज पहाटे एक नवल झालं. जिथे तुझी थाप पडायची, तिथे आम्ही सगळेच न ठरवता थांबलो. एक श्वासभर. मग पुढचा चरण उचलला.

ती जागा मी टाळानेही भरू देणार नाही. मी आहे तोवर, रोज पहाटे, ती तुझीच राहील.

तुझा धाकटा,
महादेव