भिंतीला खिळा नको

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठकूस,

आशीर्वाद. मी काल दुपारी सुखरूप पोचलो. गाडीला गर्दी नव्हती. तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसातून दहा वेळा जिना चढते. तू दिलेला डबा निम्म्या वाटेतच संपवला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी 'हं, बरं, ठेवतो' यापलीकडे जात नाही, हे तुला ठाऊक आहे. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं. फोनवर बोलायला कुणी शिकवलं नाही.

आधी तुझ्या खोलीबद्दल. चार दिवस मी तोंड आवरून होतो. फारसं आवरलेलं नव्हतं असं तू म्हणशील, पण पोटात होतं त्याच्या चौथाई बोललो. उरलेलं आता लिहितो.

तो विटांचा कागद. मी तीस वर्षं गवंड्यांच्या खांद्याला खांदा लावून दारं-खिडक्यांच्या चौकटी बसवल्या. वीट कशी असते ते मला कुणी सांगायला नको. तुझ्या भिंतीवरची वीट नखाने उचलली की सालीसारखी निघते. दाराजवळच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांचा सांधा असा चुकलाय की निम्मी वीट वर आणि निम्मी खाली. अशी भिंत कुणी खरोखर बांधली असती तर त्याला दुपारच्या आत कामावरून हाकलला असता.

पलंगामागे प्लॅस्टिकचा वेल. त्याला तू ओल्या फडक्याने पुसत होतीस. अगं, झाडाला पाणी घालतात, पुसतात ती भांडी! बाटलीत कोंबलेली दिव्यांची माळ, काचेच्या वाडग्यात पांढरे खडे. कशाला, तर नुसते बघायला. ओट्यावर संगमरवराचं चित्र, आणि वर ताकीद की गरम पातेलं ठेवू नका. ज्या ओट्यावर पातेलं ठेवायचं नाही त्याला ओटा तरी कशाला म्हणायचं? आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ती खिडकीशेजारची फळी. भुसा दाबून केलेली, आणि तिच्यावर लाकडाच्या चित्राचा कागद. म्हणजे मेलेल्याच्या अंगावर त्याचाच फोटो चिकटवल्यासारखं झालं. सुताराच्या पोरीने हे करावं!

भिंतीवर चौकटीत इंग्रजी अक्षरं होती. मी अर्थ विचारला, तर तू म्हणालीस, "बाबा, 'हे घर आहे' असं लिहिलंय."

"पाटी दुकानाला लावतात. घराला कशाला?"

"ट्रेंड आहे हा. थोडक्या पैशांत घर बदलून टाकायचं."

"आणि ट्रेंड बदलला की?"

"की सोलायचं, दुसरं लावायचं."

"म्हणजे घर नव्हे, केळं आहे म्हण!"

तू एवढी हसलीस की चहा सांडला. त्या संगमरवरावर. तो मात्र पुसला गेला हो लगेच, तेवढं मान्य.

देवाच्या तसबिरीपुढे सेलवरची मेणबत्ती बघून मला खरोखर राग आला होता. ज्योत हलते, पण हात धरला तर ऊब नाही. बटण दाबून देवाला दिवा दाखवायचा, म्हणजे देवाला काय दिसत नाही? तू म्हणालीस, खरी लावली तर कागद पेटतील. ते खरं. मग रोज सकाळी मी तिच्यापुढेच बसलो. सांगायला नको, पण मन लागलं.

एवढं सगळं लिहिलं ते मूळ गोष्ट टाळायला. आता टाळत नाही. त्या फळीमागे भिंतीवर दोन ठिपके दिसतील, रंगाने जरा उजळ. ते माझे आहेत.

गुरुवारी तू चष्म्याच्या दुकानात कामाला गेलीस. मी एकटा बसलो होतो. ती फळी तू चिकट आकड्यांवर टांगलीस, म्हणजे भिंतीला डिंकाने चिकटवलेल्या दोन बोटभर प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पोरीला एकदा दाखवू या, फळी कशी लावतात. पिशवीत मी जपमाळ आणि हातोडी दोन्ही घेऊन फिरतो, तुला माहीत आहे. फळी उतरवली, आकडे बाजूला ठेवले आणि भिंतीत दोन खिळे मारले.

दुसऱ्या खिळ्याला घरमालकीणबाई वर आल्या. हातात लाटणं तसंच.

"कोण हो तुम्ही? हातोडा कुणाचा?"

"मी मुलीचा बाप."

"बाप? ती तर म्हणाली होती, माहेरचं कुणी यायचं नाही!"

त्यांनी भिंत बघितली. "भिंतीला खिळा नको. एकच अट घातली होती मी, एकच! गेल्या भाडेकरूने चाळण केली होती या भिंतीची. ते काही नाही. रविवारपर्यंत खोली रिकामी. नाहीतरी हे प्रकरण मला पहिल्यापासून नीट वाटत नाही. नवरा आहे म्हणते, तो येत नाही. बाप आहे म्हणते, तो येत नाही. माणसाने समजायचं काय?"

ठकू, आता लिहितो ते वाचून तू कागद फाडलास तरी चालेल.

माझ्या सदऱ्याच्या खिशात त्या वेळी रविवारच्या गाडीची दोन तिकिटं होती. मी तुला भेटायला आलो नव्हतो, न्यायला आलो होतो. जावईबापू आमच्याकडे येऊन गेले होते. "तुम्ही सांगितलंत तर ऐकेल," म्हणाले. मी त्यांना शब्द दिला होता. आल्यापासून मी योग्य वेळ शोधत होतो आणि तोवर तुझ्या विटांना नावं ठेवत होतो. आणि इथे बाई स्वतःच म्हणत होत्या, खोली रिकामी करा. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. देवाने माझं काम परस्पर केलं, असंसुद्धा क्षणभर मनात आलं. देवाचं नाव अशा कामाला वापरलं याची लाज वाटते.

बाईंचं बोलणं चालूच होतं. "पोरगी तशी वाईट नाही हो. कागदाची एक पट्टी लावायची तरी खाली येऊन विचारते. काकू, हा लावू का, काकू, हा डिंक चालेल का. आधी दारामागे तुकडा चिकटवून, काढून दाखवला, डाग पडत नाही म्हणून. मी म्हटलं, एवढं कशाला विचारतेस गं? तर म्हणते, सवय आहे."

सवय आहे. ती कुठे लागली ते मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी तू आईला आणि मला सांगितलं होतंस की रस्त्यावर घेतलेलं एक साधं चित्र तू सासरी दिवाणखान्यात लावलंस. ते जावईबापूंनी काढून कपडे धुण्याच्या यंत्रामागे टाकलं. तू परत लावलंस, त्यांनी परत टाकलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, या घरात काय कुठे राहील ते मी ठरवतो, तू कुठे राहशील तेसुद्धा. आणि मी काय केलं? हसलो. "चित्रापायी कुणी घर सोडतं का? तो मारत नाही, पीत नाही," असं म्हणालो. तू त्यानंतर मला काही सांगितलं नाहीस. मला वाटलं, मिटलं.

तुझं स्थळ मी कसं पसंत केलं ते तुला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बैठकीत सगळे बोलत होते, आणि मी उठून त्यांच्या पुढच्या दारावर बोटाने वाजवून बघितलं. भरीव आवाज आला. अस्सल लाकूड, सांधे तोलून बसवलेले, कुठे खोट नाही. म्हटलं, माणसं खानदानी आहेत. लाकूड ओळखणाऱ्याला माणूसही ओळखता येतो असा मला माज होता. त्या घरातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक आठ वर्षांत निघालेलं नाही. पाहुणा आला की त्याच्यावर बसतो आणि उठताना फाटल्यासारखा आवाज होतो. खरा दगड, खरं लाकूड, आणि त्यात तुला एक चित्र टांगायला हातभर जागा नव्हती. तुझ्या त्या चिकट कागदांपेक्षा ते घर जास्त खोटं आहे, हे मला दोन खिळे मारल्यावर कळलं. आणि तुझ्या खोलीत तुला न विचारता हात घालणारा पहिला माणूस मीच निघालो.

मी बाईंना म्हटलं, "चूक माझी आहे. मी भोकं बुजवून देतो. माझी मुलगी कुठेही जाणार नाही."

"आणि उद्या नवरा दारात उभा राहिला तर? मला भानगड नको. तसं लिहून द्या."

लाटणं घेऊनच त्या खाली गेल्या आणि वहीचं पान घेऊन आल्या. मी लिहायला बसलो. 'माझी मुलगी इथे माझ्या संमतीने राहते' असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं. एकतीस वर्षांच्या बाईला कुणाची संमती? खाली लिहिलं, 'माझी मुलगी इथे स्वतःच्या मनाने राहते. तिला न्यायला कुणीही आलं, मी आलो तरी, तिला विचारल्याशिवाय दार उघडू नये.' सही केली, तारीख घातली. बाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात तरी?" मी म्हटलं, "मी आलो तरी." मग त्यांनीच माळ्यावरून उरलेल्या रंगाचा डबा काढून दिला.

भोकं बुजवली, घासली, रंग लावला. फळी तुझ्या चिकट आकड्यांवर परत टांगली. तिच्यावर माझा हात टाकून भार दिला. पडली नाही. तरी विटांचा कागद भिकारच आहे, ते मत बदलायचं नाही.

संध्याकाळी तू आलीस. मी हे सगळं सांगणार होतो. सांगितलं काय, तर पडदा चार बोटं आखूड आहे. रविवारी गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर पिशवी ठेवून आलो.

आज सकाळी जावईबापू आले. दारातूनच विचारलं, "आणलीत?"

"नाही."

"काय म्हणाली?"

"मी विचारलंच नाही."

"मग चार दिवस तिकडे केलंत काय?"

"माझ्या मुलीचं घर बघितलं," मी म्हटलं. "चांगलं ठेवलंय."

ते निघून गेले. तुझी आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या महिन्यात मलाही जायचंय म्हणाली. मी तिला म्हटलं, आधी ठकूला विचारू. तर विचारतो आहे. आम्ही दोघं आलो तर चालेल का? चालणार नसेल तर तसं लिही, सबब सांगू नकोस. मी ज्या वेळी हसलो, त्या वेळचं तुझं काही बोलायचं राहिलं असेल तर तेही लिही. आता पुरतं वाचीन.

आशीर्वाद वर लिहिलाच आहे, पण तो सवयीने लिहिला. या खेपेला तू घेणार असशील तरच देतो.

तुझा बाप