बैलाच्या शिंगाची खूण

लोणी भापकर,
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. सातव्या महिन्यात मला माहेरी कळसला न्यायचं, घरीच सुईणीच्या हातून बाळंतपण उरकायचं, म्हणजे पेसमेकरची गोष्ट सासरी कुणाला कळणार नाही, हा तुझा बेत वाचला. आधी हसू आलं आणि मग तुझा इतका राग आला, की पीठ मळता मळता परातच आपटली. अरे, छातीत यंत्र घेऊन मी सुईणीपुढे आडवी होऊ? तिने बिचारीने नाळ कापायची की माझी नाडी सांभाळायची?

माझ्यासाठी तू काय केलंस ते मी विसरलेले नाही. नव्वद साली मी शेतात, शाळेत, कुठंही चक्कर येऊन पडायचे. लोक देवऋषीकडे न्या म्हणत होते, तू मला पुण्याला नेलंस. हृदयाचे ठोके फार मंद पडतात, पेसमेकर बसवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माझ्याआधी तू रडलास. अकरा दिवस व्हरांड्यात सतरंजीवर काढलेस. पण दोन वर्षांनी माझं लग्न ठरवताना, खांद्याखालची ती खूण कसली, असं सासूबाईंनी विचारलं. "लहानपणी बैलानं शिंग मारलंय," तू बेधडक सांगून टाकलंस, आणि मी खाली मान घालून बसले. तितकीच माझीही चूक.

ह्यांना मी लग्नानंतर आठवड्यातच सांगितलं. पण सासूबाईंना सांगायची हिंमत आम्हां दोघांतही नव्हती. गंमत बघ, चार वर्षं त्यांनी मला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. वाटेत बैल दिसला तरी मला हाताला धरून मागं ओढायच्या. त्यांच्या त्या मायेपुढं मला माझ्या खोटेपणाची लाज वाटायची.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान आहे, पेसमेकर असला तरी बाळंतपण नीट होऊ शकतं, मात्र तुझं पुण्यातच व्हायला हवं, हृदयाचे डॉक्टर जवळ असताना. त्याच दिवशी मी ठरवलं. घरी आले, सासूबाईंचा हात धरून खांद्याखालच्या पेसमेकरच्या उंचवट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात झटकन मागं घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजी बैलाचं खोटं व्हतं व्हय? चार वर्सं त्या मुक्या जनावरांना शिव्या घातल्या म्या!" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, भाकरी मात्र झाकून ठेवायच्या. काल पुढ्यात येऊन बसल्या. "तुजा भाऊ लबाड हाय. पन तू आता कळसला जायाचं न्हाय. पुन्याला जायाचं. मी येती संगं."

भीती मलाही वाटते दादा. पण हे बाळ मला हवंय, आणि त्याला वाढवायला मीही जिवंत हवी आहे. लपूनछपून यातलं काहीच होणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. ऑपरेशननंतर पेसमेकरचं कार्ड मिळालं होतं, त्याचा नंबर आणि तारीख असलेलं. लग्नाआधी ते तू माझ्या पेटीतून काढून घेतलंस. पुण्याच्या डॉक्टरांना ते हवंय. रविवारी घेऊन ये. मला न्यायला म्हणून येऊ नकोस, मी येणार नाही. आणि कार्ड माझ्या हातात देऊ नकोस. सासूबाईंच्या हातात दे, खोटं का बोललास ते तुझ्या तोंडानं सांग. त्या तोंडाला येईल ते बोलतील, ऐकून घे. त्यांनी जेवायला बसा म्हटलं, तरच मी तुझं पान वाढीन.

तुझीच,
छबू