निरोगी क्रमांक चार

३ जानेवारी
नाक असलेल्या तमाम बंधुभगिनींनो! आजार आपल्या शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि आपल्याला कळतो तो पार घर बळकावल्यावर. हा आपल्या सर्वांवरचा अन्याय आहे!

परिषदेच्या भाषणाची सुरुवात झकास जमली. आरशासमोर दोनदा म्हटली. हात थरथरायला लागल्यावर कंपवात ओळखण्यात कसली मर्दुमकी? शेंबडातली प्रथिनं तो कितीतरी आधी सांगतात. नाकात कापसाची काडी फिरवायची, काडी लॅबमध्ये द्यायची, बस. ही म्हणाली, अहो, जेवताना तरी तो शब्द नको. संकल्प: घरात नासिकास्राव म्हणायचं.

९ जानेवारी
रुग्णांचे नमुने पुरेसे झाले. निरोगी माणसं मिळेनात. शेवटी घरचेच धरले. मेहुण्याच्या नाकात काडी घातली तर असा शिंकला की माझा चष्मा माखला. वर म्हणतो, दाजी, उरलेला नमुना काचेवरून पुसून घ्या. हिने आणि मेहुण्याच्या बायकोनेही नाक मुरडत दिला. निरोगी क्रमांक चार मी स्वतः. छप्पन्न वर्षं वय, सर्दी नाही, पडसं नाही. याहून आदर्श नाक कुठून आणणार?

ही म्हणाली, वासही येत नाही, तेही लिहा. परवा माझ्यासमोर दूध करपून भांडं काळं झालं, त्याचा हा राग. मी वाचत होतो. याला एकाग्रता म्हणतात.

२१ जानेवारी
निकाल! रुग्णांमध्ये आमचं प्रथिन भरपूर, निरोगी लोकांत जवळजवळ नाहीच. फक्त चार नंबरमध्ये भरपूर. म्हणजे माझ्यात. म्हणजे अर्थातच नमुना बिघडला. लॅबमधल्या सहकारी बाईंनी विचारलं, सर, हे चार नंबर कोण? म्हटलं, तुम्ही यंत्राकडे बघा.

२७ जानेवारी
पुन्हा नमुना दिला. तेच. कापूस हलक्या प्रतीचा. बदलायला सांगितला.

४ फेब्रुवारी
नव्या कापसावरही तेच. आता फ्रीजरवर संशय आहे. बाई म्हणाल्या, सर, फ्रीजर बाकीच्यांना कसं काही करत नाही? उद्धट.

घरीही कटकट. ही म्हणते, सामानाची चिठ्ठी वाचता येत नाही, अक्षर मुंगीएवढं झालंय. म्हटलं, कागद वाचवतो. मेहुणा म्हणतो, दाजी, चालताना तुमचा डावा हात हलतच नाही, इस्त्री करून चिकटवलाय की काय? सगळ्यांबरोबर मीही हसलो. संकल्प: चालताना दोन्ही हात जोरात हलवणे.

संध्याकाळी रस्त्यात हलवले. बस थांबली. ड्रायव्हर एवढ्या आशेने बघत होता की चढावं लागलं.

१२ फेब्रुवारी
विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, परिषदेत पहिला प्रश्न चार नंबरवरच येणार. धडधाकट माणसाला आजारी ठरवणारी तपासणी कोण वापरेल?

माझं रक्त खवळलं. टेबलावर मूठ आपटली. ही तपासणी चुकत नाही! तीनदा केली, तीनदा तेच उत्तर! दोष यंत्रात नाही, कापसात नाही, फ्रीजरमध्ये नाही! चुकलो असू तर त्या माणसाला निरोगी समजण्यात चुकलो!

फार प्रभावी बोललो. बाहेरच्या खोलीतलं टायपिंगसुद्धा थांबलं.

प्रमुख शांतपणे म्हणाले, मग त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

सांगतो, म्हटलं. परतताना जिन्यात थोडा वेळ बसलो. बुटाची नाडी बांधायला.

१३ फेब्रुवारी
उलटं भाषण लिहून पाहिलं. तपासणी कुचकामी आहे, नाकावर विश्वास ठेवू नका, वगैरे. मोठ्याने म्हणायला गेलो तर दुसऱ्या वाक्यालाच कागद फाडून टाकला. पटत नसलेलं मला बोलता येत नाही. ही माझी ताकद.

दुपारी हिने डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली काहीतरी धरलं. म्हणाली, ओळखा. मी ठामपणे म्हटलं, लिंबू. डोळे उघडले तर कॉफीचा डबा. एरवी अशा गोष्टीवर ही आठवडाभर हसते. हसली नाही. झाकण घट्ट बसलं होतं तरी दाबतच राहिली.

१५ फेब्रुवारी
वास जाणं, बारीक अक्षर, न हलणारा हात, कंपवाताची ही लक्षणं मीच लोकांना सांगत आलो. तपासणी खरी असेल तर मी जिंकलो, आणि मी आजारी. मी ठणठणीत असेन तर वीस वर्षांचं काम केरात. आयुष्यभर वाद जिंकत आलो. हा एक हरावा असं फार वाटतंय, आणि माझाच मुद्दा मला खोडता येत नाही.

मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावायला घेतला. बोट एकच आकडा दोनदा दाबतं. दोन वेळा भलत्याच घरी लागला. दुसऱ्या वेळी तिथल्या आजी म्हणाल्या, असू दे हो, होतं असं, तब्येतीला जपा.

ही स्वयंपाकघरात आहे. मघापासून भांड्यांचा आवाज नाही, म्हणजे ऐकते आहे.

वक्ते महाशय, भाषण पुरे. उठा, तिच्या हातात फोन द्या, आणि उद्याची वेळ घे म्हणून सांगा.