रागाची प्रार्थना

सोलापूर, बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज चर्चच्या महिला मंडळाच्या प्रार्थनेत मी सरोजला रागावले, तेही देवाशी बोलण्याच्या निमित्ताने. सरोज आमच्याच गल्लीतली सून, माहेर माढ्याकडचं. मंडळात रोज उशिरा येते. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "प्रभू, आमच्या या बहिणीचा आळस दूर कर." बाकीच्या 'आमेन' म्हणाल्या. मी डोळे उघडले, तर तिचे उघडेच होते. माझ्यावर रोखलेले.

चहाच्या वेळी जवळ आली. "काकू, माज्यासाठी प्रार्थना केली का मला झापलं? सासूबाई हातरुणाला खिळल्यात. त्यांना पुसून, भरवून येते मी. इचारलं असतं तर सांगितलं असतं की." चहा न घेताच गेली.

हे तिने मला ऐकवलं. मला! जिला सगळ्या 'प्रार्थना तुम्हीच करा' म्हणतात. शब्द चांगलेच होते. पण आत काय होतं? तिची रिकामी खुर्ची पाहून रोज होणारी चिडचिड. तीच तोंडातून बाहेर पडली, फक्त चर्चला जायची पांढरी साडी नेसून.

ते उघडे डोळे. प्रार्थनाभर ती बघत होती का?

मघापासून माफीचं वाक्य जुळवते आहे. तीनदा जुळवलं, तिन्हीदा शेवटी 'पण तूही वेळ पाळ' आलंच. म्हणजे मन अजून तिथेच आहे. तिने मंडळ सोडलं तर ते माझ्यामुळे.

सकाळी तिच्या घरी जाईन. काही जुळवून नेणार नाही. ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. एवढंच करायचं आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते आहे.